चारशे बारा ग्रॅम

विट्यात, खानापूर रस्त्याला, नवं घर बांधलं तेव्हा
केतकी म्हणाली, बाबा, हा कोपरा मोकळा ठेवायचा,
इथं शिल्प हवं.
शिल्प म्हणजे मूर्तीच ना?
म्हणाली, मूर्तीपुढं बसतात.
शिल्पाभोवती नुसतं फिरायचं.

तीस वर्षं मी सेलममध्ये भट्टीभोवती फिरलो.
गलाईवाल्यानं नाव विचारायचं नसतं,
वजन विचारायचं.
पैंजण, करदोटे, खुळखुळे, फोटोच्या चौकटी,
रांगणारे कृष्ण, हातातल्या लोण्यासकट.
मुशीत टाकलं की बोटं आधी जातात,
मग कान, नाक.
पोट शेवटपर्यंत तग धरतं.
हे मी घरी कधी बोललो नाही.

घरात पहिली आली ती परी.
तासगावची जुनी टॉकीज पाडली,
कमानीवरची ही सिमेंटची बाई
भंगारवाल्याच्या दारात आडवी पडलेली,
एकच पंख, नाकावर निळा ऑइलपेंट.
सिंधूनं आणली. पंधराशेची परी, दोन हजारांचा टेम्पो.
केतकी म्हणाली, रंग खरवडून काढू.
सिंधू म्हणाली, हात तर लावून बघ.
लग्नानंतरचा पहिला पिक्चर
आम्ही म्हणे हिच्याच खालनं आत जाऊन पाहिला.
मला पिक्चर आठवत नाही.
मध्यंतरातली भजी आठवतात, कागदाला सुटलेलं तेल.

मग इरफान मोमीनचा माणूस आला.
इरफानच्या बापाचे आठ माग किलोवर गेले.
त्यातली दातेरी चाकं, साखळ्या, धोट्यांची लोखंडी टोकं
पोरानं गुपचूप बाजूला काढली
आणि वेल्डिंग करून एकजण उभा केला,
कमरेत वाकलेला,
तुटलेला धागा शोधत असल्यासारखा.
केतकीनं तो हॉलच्या मधोमध ठेवला,
त्याच्यासाठी सांगलीहून खास दिवा आणला.
आता त्याची सावली सोफ्यावर बसते, पाहुणे उभे राहतात.
मी इरफानला विचारलं, हे अब्बा ना तुझे?
नाही काका, हा कुणीच नाही.
मग जाता जाता, बूट घालताना म्हणाला,
चष्मा करायचा राहिलाय.

कोपरा तसाच होता.

एका रात्री मी ट्रंक उघडली.
धोतराच्या पानात गुंडाळलेली ती बाहेर काढली.
चांदीची, वीतभर, हातात दिवा धरलेली बाई.
सत्त्याऐंशी साली एक म्हातारी दुकानात आली,
तराजूत हिला पालथी ठेवली,
तोंड खाली.
तमिळ मला तेव्हा आकड्यांपुरती यायची.
चारशे बारा ग्रॅम. पैसे मोजले. ती गेली.
मी हिला वितळवली नाही त्यात मोठेपणा नाही,
त्या दिवशी कोळसा ओला होता.
दुसऱ्या दिवशी कोळसा वाळला होता,
पण मी दुसराच माल भरला.
तिसऱ्या दिवशीही.

आता ती कोपऱ्यात आहे.
नाक पार गुळगुळीत,
किती पिढ्यांची बोटं फिरली असतील कोण जाणे.
लोक विचारतात, केवढ्याची? किती जुनी?
माझ्या तोंडून वजन निघतं.
केतकी खाली कागदावर माहिती लिहून लावणार होती,
साल, प्रदेश, धातू.
मी म्हटलं, प्रदेश लिहू नकोस. विचारलं नव्हतं.

दर शुक्रवारी सिंधू तिला राखेनं घासते.
मी म्हणतो, अगं, शिल्प आहे ते.
ती म्हणते, बाई आहे ती, काळी पडलीय.

काल सहज जुना काटा काढला.
चारशे अकरा.
पुन्हा ठेवली, या वेळी उताणी.
चारशे अकरा.
माझा काटा चुकत नाही.
सिंधू पलीकडं हात धूत होती,
मोरीत राखाडी पाणी चाललं होतं,
आणि मी, उभ्या जन्मात पहिल्यांदा,
घट धरली नाही.