फुटाला एक सूत

बाबांची पट्टी मी एकदाच शाळेत नेली.
माझी मोडली होती, आणि भूमितीची चाचणी होती.
दहा सेंटिमीटरची रेघ ओढली, श्वास धरून,
पेन्सिलीला दोनदा टोक काढून.
हुंदरेबाईंनी वर आपली पट्टी ठेवली:
दहा, आणि वर एक मिलिमीटर.
"एवढं साधं मोजता येईना गे तुला?"

अनगोळला घरी येऊन पट्टी त्यांच्यापुढं आपटली.
ही खोटी आहे.
बाबा पॅटर्नमेकर. बोटांवरचा वाळलेला सरस खरवडत म्हणाले,
"खोटी न्हवं. बिडाची हाय. चल."

तिसरं गेट पडलेलं. मालगाडी संपता संपेना.
सायकलच्या दांडीवर मी, माझ्या मुठीत पट्टी, आमचं भांडण चालूच.

उद्यमबागेत रात्रपाळी होती.
काळ्या वाळूत बाबांच्या सागवानी पॅटर्नचा ठसा,
पंपाचं अर्धं पोट, उलटं, रिकामं.
बसलिंगमामांनी हातानंच मला मागं सारलं: "भाळ बिसी ऐती."
मग चौदाशे अंशांचं बीड ओतलं,
दुधासारखं गुपचूप,
फक्त दूध असं उजेड पाडत नाही.

"आता ते आकसणार," बाबा म्हणाले.
"फुगडी घालताना हात कसे ताणले जातात तुमचे?
वेग सरला की जवळ येता का न्हाई?
तसंच. म्हणून लाकूड आधीच थोरलं कापायचं.
बीड, फुटाला एक सूत.
पितळ, दीड सूत.
पोलाद लई रुसकं, त्याला दोन."
आणि भोकाकडं बोट: तिथं जास्तीचं बीड उभं,
आत आकसताना लागेल तेवढं पिऊ देत म्हणून.
न दिलं तर वरून गुळगुळीत, आतून पोकळ.

पुढं कॉलेजात कळलं, फुगडी तितकीशी खरी नाही.
अणूंना एकमेकांत घुसणं फार जड जातं,
लांब सरकणं त्या मानानं सोपं;
म्हणून थरथर वाढली की सरासरी अंतर वाढतं.
परीक्षेत हेच लिहिलं, पैकीच्या पैकी मिळाले.
लिहिताना मात्र वेण्या आडव्या उडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू फोडली.
राखाडी, खरखरीत, अजून कोमट.
बाबांनी साधी पट्टी लावली, बाजूला झाले.
मी वाकून वाचलं: बारा इंच.
ना कमी, ना जास्त.
म्हणजे कालची पट्टी खोटी नव्हती,
ती आजचं माप कालच बोलत होती.

बसलिंगमामा हातपाय धुता धुता म्हणाले,
"इकडची तिकडची शीव मोजाया कुठली पट्टी गा भरमाण्णा?"
"तापल्यावरची का निवल्यावरची?"
दोघं किती वेळ हसले.
मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

आता मी स्वतःच पोरांना भौतिकी शिकवते.
गेल्या आठवड्यात त्यांना म्हटलं,
माणूस सकाळी उंच असतो, संध्याकाळी बुटका.
मणक्यांमधल्या गाद्यांतलं पाणी
दिवसभराच्या वजनानं पिळून निघतं,
रात्री पाठ टेकली की परत भरतं.
कुणाला पटेना. एक तर तोंडावरच हसला.
मग घरी बाबांनाच धरलं.
उठल्याउठल्या चौकटीला उभं केलं, खूण केली.
दिवेलागणीला पुन्हा.
ते कुरकुरले, पण टाचा नीट टेकवल्या,
मान सरळ, हनुवटी आत,
जन्मभर दुसऱ्यांना सरळ केलेला माणूस.

"तीन सूत कमी," मी म्हटलं.

भिंतीला पाठ लावूनच त्यांनी विचारलं,
"मोजलंस कुठल्या पट्टीनं?"

मी हातातली पट्टी उलटून बघितली.