गुरुवारची पंचवीस मिनिटं

स्टेशन म्हणजे उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी
दोन कंटेनर आणि एक मनोरा.
जागा कुणी निवडली असं विचारलं की मालक, अबू खलफान, म्हणायचे,
जमिनीनेच. तिथे दुसरं काही उगवत नव्हतं.
दारात काढलेल्या चपला दुपारपर्यंत खाराने पांढऱ्या होत,
पण इब्राहिम सरखोत सांगायचा, मीडियम वेव्हला अशीच ओली खारट भुई लागते,
लाट तिच्यावरून घसरत जाते,
साबणावरून पाय जावा तशी.

मी जाहिरातींची वही ठेवायचो.
तीस सेकंदांचे पस्तीस दिरहम, रमजानात पन्नास.
बातम्यांआधीची जागा टायरवाल्याची,
कारण टायरवाला म्हणजे मालकच.
पहाटे नमाजाच्या वेळा, मग मासळीबाजाराचे भाव:
हामूर, शेरी, सुलतान इब्राहिम,
आणि या माशाचं नाव आलं की
ट्रान्समीटरच्या कंटेनरमधून सरखोत ओरडायचा, हजर!
सातला थंकच्चन मलयाळम बातम्या वाचायचा.
बातम्या कालच्या, आवाज ताजा.
दुपारी फर्माईश: बांधकाम छावणी, खोली अकरा, आठही जणांकडून.
पुढे सातही जणांकडून.
का, ते वहीत नाही.

गुरुवारी रात्री साडेदहानंतरची वेळ कुणी विकत घेईना,
म्हणून ती मराठीला मिळाली.
पंचवीस मिनिटं, आणि पाच कार्गोवाल्याची:
खेड, दापोली, मंडणगड, थेट दारापर्यंत, किलोला सहा दिरहम.
हेमलता परुळेकर दिवसा दवाखान्यात केसपेपर लिहायची,
रात्री येऊन आधी पाणी प्यायची, मग पत्रं वाचायची.
कोण सुट्टीवर निघालाय, कुणाकडे दोन किलोची जागा उरलीय,
कुळथाचं पीठ शारजात कुठल्या दुकानात आलंय.
एकदा ती मधेच थांबली.
मी वहीत लिहिलं: अकरा सेकंद शांतता, तांत्रिक कारण.
पत्र तिने घडी करून पर्समध्ये ठेवलं
आणि पुढचं उघडलं.

नियम असा होता की सूर्य मावळला की ताकद कमी करायची,
दहा किलोवॉटची एक,
रात्री लाटा आभाळाला आपटून भलत्या मुलखात उतरतात म्हणून.
सरखोत रोज बटण फिरवायचा. गुरुवारी विसरायचा.
सही मात्र करायचा, वळणदार.

मग हर्णैहून पत्र आलं. बाळकृष्ण चोगले, तांडेल.
लिहिलं होतं, तुमच्याकडच्या टायरांचे भाव आमच्या पोरांना पाठ आहेत,
बाईंना सांगा, सर्दीवर ओवा घ्या,
आणि एक उपयोग होतो तो कळवतो.
बोटीत ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवला
की एका जागी आवाज मरतो.
तिथे ट्रान्झिस्टर ज्या रेघेत असतो, त्या रेघेवर तुम्ही.
तीच रेघ उलटी धरली की आमचं बंदर.

हेमलताने ते हवेवर वाचलं नाही. सरखोतची नोकरी गेली असती.
कंटेनरात आम्हा तिघांना वाचून दाखवलं,
थंकच्चनला अर्थ सांगावा लागला,
आणि तो टायरांच्या भावावर इतका हसला
की चहा कन्सोलवर सांडला; पाच नंबरची कळ
नंतर कायम चिकटायची.

मनोरा भंगारात गेला. वजनावर.
त्याच नावाचं एफेम आता दुबईतल्या एका काँप्युटरमधून चालतं,
तिथे कुणी हजर म्हणत नाही.
खाडीत रोहित पक्षी येतात, त्यांना कुठलीही जागा चालते.
वही माझ्याकडे आहे. मालकांनी मागितली नाही,
मीही विचारलं नाही.

कधी गुरुवारी, साडेदहाला,
जेवणाचं टेबल पुसून झालं की मी जुना ट्रान्झिस्टर त्यावर ठेवतो
आणि फिरवतो, थोडा थोडा.
आता सगळ्याच बाजूंना आवाज मेलेला असतो,
त्यामुळे दिशा कळत नाही.
बायको म्हणते, सेल संपलेत.
असतीलही.