सापडला

टुवूम्बात जूनची थंडी. दवाखाना उघडतोय तोच
लिंडसे ऑर्चर्ड उशीचा अभ्रा घेऊन आला.
अभ्र्यावर जांभळी फुलं, तोंडाशी सुतळीची गाठ,
आत काहीतरी स्वतःभोवतीच सावकाश फिरत होतं.

फॉर्मवर पहिला रकाना: कुठून आणला?
तो म्हणाला, सापडला.
मी तसंच लिहिलं.
शब्दात साप आहेच. पकडणारा कुठे दिसत नाही.
दुसरा रकाना: परवाना क्रमांक.
तो खिडकीतून आपल्या गाडीकडे बघत राहिला.

कार्पेट पायथन, मादी, सहा फुटांची.
तोंड किंचित उघडं, नाकपुडीशी फेसाचा बुडबुडा,
श्वासाला बारीक शिट्टी.
खवल्यांखालच्या गोचिड्या चिमट्याने काढल्या, अकरा.
हनुवटीच्या घडीत काळे ठिपके, चालणारे.
आणि डोळ्यांवर मागची कात तशीच,
काचेवर वाफ धरावी तशी.

माणसांबद्दल किती सहज म्हणतो आपण, कात टाकली.
ओल लागते हो त्याला, खरबरीत दगड लागतो.
हिच्या टाकीत पिवळा दिवा होता
आणि प्लास्टिकचं नेचं.

"शेडच्या तुळईवर यायची उंदरांमागे," तो म्हणाला.
"ब्रॉन्विन गेली त्या महिन्यात शिडी लावून खाली काढली.
घरात आवाज नव्हता. हिचाही नसतो म्हणा."

मी हात धुतले. पुन्हा धुतले.
घरात लहान कोणी?
नात. शनिवार-रविवार येते.
मागे ताप, जुलाब, तीन दिवस सलाईन,
बाहेरचं काही खाल्लं असेल म्हणाले.
ती हिला हात लावते?
"पाठीवरून फिरवते. मग आम्ही बिस्किटं..."
वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मग घाईने: "आजच सोडतो परत. त्याच तुळईवर."
नाही, लिंडसे. तेही नाही.
तू इस्पितळात होतास तो पंधरवडा
ही शेजारच्या पोराच्या अजगरासोबत एकाच टाकीत होती.
फुप्फुसात काय शिरलंय मला माहीत नाही,
ओढ्याकाठच्या बाकीच्यांना तर त्याहून नाही.
उचललीस तेव्हा एक कलम,
परत ठेवायला गेलास तर दुसरं.
साप जगावा आणि काठीही मोडू नये
असा कागद माझ्या खणात नाही.

खात्याला फोन लावला. पलीकडे संगीत वाजत राहिलं.
तोवर ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवली तिला,
ओल्या बोळ्याने डावा डोळा पुसत राहिले, पुसत राहिले,
शेवटी पापुद्रा सुटला,
मसुराच्या सालाएवढा.
तिने कोणाकडे पाहिलं, सांगता येत नाही.
सापाला पापणी नसते.

लिंडसे अजून उभाच.
अभ्रा परत मिळेल का, विचारत होता.
ब्रॉन्विनचा होता.
उकळून देते म्हणाले.
फुलांचा रंग जाईल, हे नाही म्हणाले.