झाडूंच्या खोलीतलं स्टेशन

सुरुवात कधी झाली, यावर आमच्यात एकमत नाही.
एनिड म्हणायची त्रेपन्न. पावतीवर चोपन्न आहे:
टपालखात्याच्या भंगारातली तार, पाऊण मैल,
किंमत शून्य,
सही विल्फ्रेड ऑल्डरॉयड.

विल्फ आठवडाभर टेलिफोनचे खांब चढायचा
आणि रविवारी सायकलला शिडी बांधून पुन्हा खांबच चढायचा.
रग्बीच्या मैदानापासून गिरणीच्या धुराड्याला वळसा घालून
त्यानं तार आणली इन्फर्मरीत,
वॉर्ड चारच्या बावीस खाटांना बावीस हेडफोन,
लढाईतून उरलेले, रबराचा वास मारणारे.
खाटांवर लोकरीच्या गिरणीतली माणसं,
श्वास सुट्ट्या पैशांसारखा मोजून वापरणारी.

त्या नोव्हेंबरात धुकं टेकडीवरून उतरलं ते मैदानातच बसलं.
विल्फला स्वतःचे हातमोजे तेवढे दिसत होते.
पण तिकडे बावीस जण कान लावून.
मग त्यानं गर्दीच्या आवाजावर मॅच चालवली.
आरोळी उठली की, गेला, कोपऱ्यातून गेला!
उसासा आला की, हुकलं, थोडक्यात हुकलं.
नऊ–पाचनं जिंकवलं आपल्या लोकांना.

सोमवारच्या पेपरात आपण हरलो होतो.
सिस्टर ग्रेटोरेक्सनं तो पेपर वॉर्डात येऊच दिला नाही.
सिडनी हर्स्ट त्याच आठवड्यात गेला.
जिंकून गेला, असं एनिड म्हणायची.

नंतर खोली मिळाली, झाडू-बादल्यांची.
बादल्या बाहेर गेल्या, फिनेलचा वास गेला नाही.
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे,
कँटीनच्या बायकांनी दोन वर्षं जमवलेले.
मंगळवारी एनिड वही घेऊन खाटेखाटेला जायची.
वह्या माझ्याकडे आहेत.

खाट ७, मिसेस पिकल्स. काहीही चालेल, व्हायोलिन नको.
खाट १२, मिस्टर कोवालचुक. त्यांच्या गावचं गाणं आपल्याकडे नाही.
स्वतः म्हणतो म्हणतात.
(म्हणाले. चार मिनिटं, त्यातली दीड खोकल्याची.)
खाट १९, मिसेस झुबैदा अख्तर. गाणं कुठलंही,
नाव तेवढं नीट उच्चारा.

पहिल्या पानावर लाल शाईत एक नियम:
खाट रिकामी झाली तरी गाणं लावायचं.
क्लिफर्ड यावरून तीन वर्षं भांडला. कोणासाठी लावायचं?
शेजारच्या खाटेसाठी, एनिड म्हणाली.
नाव घेतात का, हे तो ऐकत असतो.

मी आलो मोडकं कंबरडं घेऊन, खाट ९.
माझं नाव घेतलं गेलं. मग मी परत गेलोच नाही म्हणा ना.

नवी इमारत झाली, तारा कापल्या.
खाटेपाशी टीव्ही आले, दिवसाला साडेतीन पाउंड.
आम्ही आता लाँड्रीमागच्या कंटेनरमध्ये,
ऐकायचं ते फोनवर.
पडद्याच्या कोपऱ्यात ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो.
बहुतेक रात्री दोन.
त्यातला एक फोन माझा, कोटाच्या खिशात.

एनिड वॉर्ड चारमध्येच होती शेवटी,
ब्याऐंशी वर्षांची, कुरकुरी.
मी वही उघडली. काय लावू?
ती धुक्यातली मॅच, म्हणाली.

त्या मॅचची टेप कधी नव्हतीच.
मग मी रात्री नऊला माईक उघडला.
समोर लाँड्रीची वाफ, काचेवर काही दिसत नव्हतं,
आणि गर्दीचा आवाजही नव्हता.
गेला, म्हणालो. कोपऱ्यातून गेला!
मध्यंतराच्या जरासं आधी वॉर्डातून फोन आला.
मी ऐकून घेतलं, थँक्यू म्हटलं,
आणि दुसरा हाफ पूर्ण खेळवला, शिट्टीसकट.

दुसऱ्या दिवशी तिची पिशवी न्यायला गेलो.
शेजारच्या खाटेवर एक मुलगी, पायाला प्लॅस्टर.
काल एनिडनं तिच्या फोनवर लावून घेतलं होतं म्हणे.
डोळे न वळवता तिनं विचारलं,
पाच आपले की नऊ आपले?