डावं, उजवं

विंटर पार्कला पहाटे उणे अठरा.
मारेन माझ्या बुटांचे बकल आवळते,
विचारते, घट्ट झाले का फार?

पहिल्या मोसमात इंग्रजीच होतं आमच्यात.
पण 'लेफ्ट' वाऱ्यात मोडायचा,
शेवटचा 'ट' माझ्यापर्यंत पोचायचाच नाही.
मग शिकवलं तिला: डावं. उजवं.
तोंड उघडावंच लागतं या शब्दांना.
ती म्हणते डाव्हा, उजव्हा.
चालतं.

भोंगा. सुटलो.
ती पुढे, मी मागे,
आणि कानात: डाव्हा… डाव्हा… धर… उजव्हा…
बर्फ काचेसारखा दिसतो, असं सगळे सांगतात.
मला तो खवणीवरच्या नारळासारखा ऐकू येतो,
खोबरं असेतो मऊ,
करवंटी लागली की खर्रर्र.

अकराव्या गेटला हेडसेट मेला.
नुसता वारा.
अशा वेळी थांबायचं, असं आमचं ठरलेलं.
नाही थांबले.
पुढे कुठेतरी तिची करवंटी खरवडत होती,
तिच्यामागे गेले, गुडघे वाकवून,
पोटात खड्डा घेऊन.
आणि मग ती ओरडली, यंत्राबिंत्राशिवाय,
अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशी:
डाव्हाऽऽ!
पुढचं प्रत्येक गेट तसंच, ओरडून.

सहाव्या आलो.
सहाच जोड्या होत्या.

आता तिचा घसा पार बसलाय.
थर्मास चाचपून तिच्या हाती देते,
तर बाई माझा हात सोडून
हवेत कसलेसे हातवारे करतायत, वारा लागतो गालाला.
अगं, खुणा काय करतेस मला?
बोल.