गाडी आहे

सोयरे विचारतात, गाडी आहे ना?
आहे म्हणतो.
चाकं किती, ते त्यांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

एकोणीस वर्षांत तिच्यावरून काय काय आलं.
गॅसचा सिलिंडर. चौरंग.
डायलिसिसहून परतताना सासूबाई,
ओढणीने माझ्या कमरेला बांधलेल्या,
स्पीडब्रेकर आला की "नारायणा" म्हणायच्या
आणि मी गिअर टाकायचो.
जुईली आधी टाकीवर, मग दोघांच्या मध्ये,
मग मागे.
आता मागेही नाही.

सी-लिंकच्या तोंडाशी आम्हाला मनाई.
त्यामुळे माहीमच्या सुकटीचा वास
आणि कॉजवेवरचा प्रत्येक खड्डा
तोंडपाठ.

पण कुर्ल्याहून आरसा आणला ती संध्याकाळ.
साडेतीन फुटी, सागवानी चौकट,
टेम्पोवाला सहाशे मागत होता.
शुभदा उलटी बसली, माझ्या पाठीला पाठ,
आरसा मांडीवर उभा, तोंड रस्त्याकडे.
घाटकोपर, विक्रोळी, कांजूर,
मागून येणारा जो तो स्वतःवरच चालून येत होता.

"रिक्षावाला भांग पाडतोय," ती ओरडली.
"बसवाल्याने शर्टाची कॉलर नीट केली."
"एक बाई रडत होती बघ, थांबली."

मला काही दिसत नव्हतं.
पुढे फक्त डंपर, त्याच्या मागे लिंबू-मिरची.
हेल्मेटात हसू ऐकूही येईना तिचं,
मणक्यातून कळत होतं.

भांडुपच्या अलीकडे पेट्रोल रिझर्व्हला आलं.
खाली वाकून कॉक फिरवला,
म्हटलं, पोचू.