फ्री साईज

वसमतच्या मोंढ्याजवळ तिसरं दुकान.
पोऱ्या म्हणाला, ताई, फ्री साईज आहे,
कुणालाबी बसतंय.
म्हणलं, बघू,
अन् डोकं घातलं.

गुडघ्याच्या वर दोन वीत पावसाला मोकळ्या राहिल्या.
कोपरापुढं हात उघडे.
टोपी अशी, की मान वळवावी
अन् डोळ्यापुढं नुसतं पिवळं प्लास्टिक यावं.
पोऱ्या हसला नाही, हे त्याचं मला आवडलं.
जेन्ट्समधलं दाखवू का, एवढंच म्हणाला.

पाच फूट अकरा इंच.
वजन सांगत नाही, ते मला
अन् पोस्टाच्या पार्सलकाट्याला माहीत.
नाव गंगासागर.
आई म्हणायची, एवढं मोठं नाव ठेवलं तेच चुकलं,
पोरीनं मनावर घेतलं.

जेन्ट्सचं ट्रिपल एक्सेल खांद्याला आलं.
पण रबराचं, जड.
आतून घामानंच भिजायचं
तर पाऊस काय वाईट?
गाडीवर सात गावं करते मी,
पोटाशी टपालाची पिशवी,
ती आत झाकली पाहिजे,
बटणं बाजूला पाहिजेत,
बाह्या नकोत, सही घेताना हात पटकन बाहेर यावा,
अन् ऊन पडलं तर घडी करून डिकीत,
डब्याच्या शेजारी.

पोऱ्यानं सगळं ऐकलं.
चेष्टेनं नाही, विचार करून म्हणाला,
ताई, तुम्ही तंबूवाल्याकडंच जा.

ताडपत्रीवाल्या मुनव्वरचाचांनी वर बघितलं.
मग आणखी वर.
"बैठो बेटा." स्टूल पुढं सरकवलं.
टेप माझ्याच हातात दिली.
उभं राहून नको, म्हणाले, गाडीवर बसल्यासारखं बसा,
पिशवी घ्या, हँडल धरा, आता मापा.
भर बाजारात मी स्टुलावर बसले,
नसलेलं हँडल धरून,
अन् चाचांचा नातू आकडे लिहीत गेला.

मंडपाच्या ऑर्डरीतून राहिलेलं राखाडी कापड,
कांद्याच्या पापुद्र्यासारखं.
त्यांनी ते वाटीवर ताणलं, वरून पाणी ओतलं,
अन् आम्ही चहा पिलो.
कप रिकामे झाल्यावर
कापडाखाली बोट फिरवून दाखवलं. कोरडं.
"कपडा नहीं टपकता, सिलाई टपकती," म्हणाले,
अन् प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवली.
चार वाजता समोरच्या शेंगावाल्याच्या काट्यावर तोललं:
तीनशे दहा ग्रॅम.
शेंगावाला म्हणाला, अन् आत कोण घालायचंय?
मग माझ्याकडं बघून गप झाला.

शाळेत मला हत्ती म्हणायचे.
सोयाबीन काढणीच्या टायमाला हस्त लागायचा,
मास्तर खिडकीतून बघून म्हणायचे,
आज हत्ती पडणार.
अख्खा वर्ग माझ्याकडं वळायचा.
मीसुद्धा एकदा
स्वतःकडं बघितलं होतं.

यंदा नवव्या दिवशी तो मला गाठला,
कुरुंद्याच्या अलीकडं, दोन्ही बाजूला मोकळं रान.
आडोसा शोधायची सवय,
पाय आपोआप ब्रेकवर गेला.
मग ध्यानात आलं, आडोसा अंगावरच आहे.
वर धो धो आवाज, आत पिशवी कोरडी,
गुडघे कोरडे, घोटे कोरडे,
अन् मागं वारा एक लांबलचक कड
फडफडवत होता.
दंडात काचलं नाही, पाठीवर ताणलं नाही.
जन्मात पहिल्यांदा
कापड मला पुरून उरलं.

लिंबाजीमामा गोठ्यापाशी भिजत उभे होते,
डोक्यावर युरियाचं पोतं.
रजिस्टर आलंय मामा, सही लागते.
अगं, कागद भिजंल की, कुठं करू?
मी कड उचलली.
म्हणलं, आत या.